पेशंटकाकू

पेशंटकाकूंना रडायला सांगितलं की त्या आधी विचारत, "किती?"

पहिल्यांदा मी गोंधळले. रडण्याला किती म्हणजे काय? तर शिलाई मशीनवर आयुष्य काढलेल्या बाईच्या गांभीर्यानं त्यांनी मला समजावून सांगितलं, "म्हनजे थोडकं, का पदर भिजवू? का नुसतं डोयात आनून ठेवू?" आणि ठरेल तेवढंच रडल्या. डोळ्यांत आणून ठेवायचं ठरलं असेल तर पाणी पापणीच्या काठाशी येऊन थांबायचं, एक थेंब खाली यायचा नाही. समोरचा समुपदेशक कासावीस व्हायचा, मागे फॉर्म घेऊन बसलेली मीही खुणा करायची विसरायची, आणि "वेळ संपली" म्हटल्याबरोबर काकू नाक पुसून विचारायच्या, "चाहा कधी येते वो?"

त्यांचं नाव शकुंतला. पण आमच्या प्रशिक्षणात आलेल्या पहिल्याच तुकडीनं त्यांचं बारसं पुन्हा केलं, आणि मग आमच्या कार्यालयातला शिपाईसुद्धा फोनवर सांगायचा, "पेशंटकाकू आल्या आहेत, प्रकृती एकदम ठीक आहे."

इथे माझ्या कामाबद्दल थोडं सांगायला हवं. मी ज्या संस्थेत आहे ती वर्धा जिल्ह्यातल्या नर्सबाई, समुपदेशक, आरोग्यसेविका यांना मनोसामाजिक काळजीचं प्रशिक्षण देते. म्हणजे मनानं खचलेल्या माणसाशी बोलायचं कसं, त्याचं ऐकायचं कसं, त्याच्या घरच्यांना सोबत कसं घ्यायचं, असं सगळं. प्रशिक्षण देणारे वेगळे. मी ते तपासणारी. प्रशिक्षण झालं, जेवण चांगलं होतं, फोटोही निघाले; पण माणसांना काही आलं का, हे बघायचं माझं काम. लग्नात वऱ्हाडी जेवत असताना मीठ कमी आहे का विचारत फिरणाऱ्या माणसाला जेवढं प्रेम मिळतं, तेवढंच मला मिळतं.

सुरुवातीला आम्ही नुसती लेखी परीक्षा घ्यायचो. आधी एक, नंतर एक. नंतरच्या परीक्षेत सगळे इतके हुशार निघायचे की माझे तक्ते भिंतीवर लावण्यासारखे दिसायचे, आणि मला माझ्या तक्त्यांचा अभिमान होता, खोटं कशाला बोलू. पण एकदा एका नर्सबाईंनी सहानुभूतीवर पानभर सुंदर उत्तर लिहिलं, पेपर माझ्या हातात दिला, आणि दाराबाहेर उभ्या असलेल्या म्हाताऱ्यावर वस्सकन ओरडल्या, "मागे हो नं, दिसत नाही का?" तेव्हा आमच्या प्रमुख डॉक्टर मॅडम म्हणाल्या, हे म्हणजे पोहणं कागदावर तपासणं झालं, आता पुरे. खोटा पेशंट समोर बसवू आणि काय करतात ते पाहू.

आधी नाटकाची हौस असलेले दोन विद्यार्थी आणले. एकीनं केस मोकळे सोडून असा टाहो फोडला की शेजारच्या वर्गातली तुकडी पळत आली. दुसरा खुर्चीवरून खाली पडला, आणि समोरची आरोग्यसेविका सगळं प्रशिक्षण विसरून बीपीचं मशीन आणायला धावली. हे चालणार नव्हतं.

काकू मला सापडल्या त्या ब्लाउजमुळे. पिपरी मेघेला आमच्या गल्लीच्या तोंडाशी त्यांचं शिलाईचं दुकान होतं. दुकान म्हणजे घराचीच पुढची खोली. मागच्या खोलीत त्यांचे यजमान, एसटीतून निवृत्त झालेले कंडक्टरकाका, रेडिओ लावून बसलेले. माझा हात वर करून माप घेता घेता काकू म्हणाल्या, "बाईचा हात वर केला नं, का पोटातलं तोंडात येते तिच्या. सकाऊन एक आलती," आणि मग नाव न सांगता त्यांनी त्या बाईला जशीच्या तशी माझ्यासमोर उभी केली. तिचं थांबणं, तिचं विषय बदलणं, "माह्यं काय, चाललं" म्हणताना खालचा ओठ आत ओढणं. मी हात वरच ठेवून त्यांच्याकडे बघत राहिले. दुसऱ्या आठवड्यात त्या आमच्या सभागृहात होत्या. दुकानात मला "पोरी" म्हणणाऱ्या काकू तिथे मात्र न चुकता "मॅडम" म्हणत, आणि ते म्हणताना जरा जास्तच वाकत.

मी त्यांना केस लिहून दिली. सुमन, वय बेचाळीस, सहा आठवड्यांपासून निद्रानाश, भूक मंदावलेली, दैनंदिन कामात अनास्था. काकूंनी चष्मा लावून ती वाचली आणि कागद परत दिला. "हे असं कोनतीच बाई बोलत नाई, मॅडम. बाई म्हनन डोकं दुखते, कंबर गेली, हातापायाले मुंग्या येतात. झोपेचं तं ते चौथ्या खेपेले सांगन." मग चौकशी सुरू झाली. घराला दारं किती? पाणी कुठून भरते? बकरी आहे का? "ज्या बाईले घरच नाई, ते रडन कोठं?" म्हणून मी सुमनला घर दिलं. टिनाचं, दोन दारांचं, रस्त्यापलीकडे हातपंप, एक बकरी. नवरा दारू पितो असं लिहू का, विचारलं. "नोको. तुमच्या कागदात सगळ्यायचेच नवरे पेतात. हिचा चांगला हाय, नुसता बोलत नाई. चांगल्या मान्साची तकरार करता येत नाई बाईले, तेच तं दुखते." मी गुपचूप लिहून घेतलं. ही गोष्ट माझ्या दोन वर्षांच्या पदव्युत्तर अभ्यासक्रमात नव्हती.

कंडक्टरकाकांना मात्र हा उद्योग पसंत नव्हता. "रोज रोज बिमार पडाचं सोंग घेऊ नोको," ते म्हणायचे, "एक दिवस खरंच पडशीन." काकू म्हणायच्या, "तुमी वीस वर्सं 'गाडीत जागा हाय' म्हनून वरडले, झाली का जागा?"

काकूंची गुण द्यायची पद्धत माझ्या फॉर्मपेक्षा वेगळी होती. माझ्या फॉर्मात पंधरा मुद्दे. नजरेला नजर दिली का, बोलणं गुप्त राहील असं सांगितलं का, जगणं नकोसं वाटतं का हे स्पष्ट विचारलं का, वगैरे. काकू फॉर्म बघायच्याच नाहीत. त्या पदराला गाठी मारायच्या. समोरच्यानं एक सल्ला दिला की एक गाठ. चेहरा सुमनचा, डोळ्यांत पाणी, आणि मांडीवर बोटं गुपचूप कामाला लागलेली. आणि आमच्याकडे सल्ल्याचा तुटवडा कधीच नव्हता. सुमननं "मन लागत नाई" एवढंच म्हणावं, की समोरून सुरू. सकाळी फिरायला जा. भजनी मंडळात नाव घाला. मोबाईलवर योगासनं पाहा. देवानं हातपाय धड दिलेत, तुमच्यापेक्षा दुःखी लोक जगात आहेत. माझ्या मावशीलाही असंच होत होतं, तिनं गहू सोडला.

या बाबतीत विक्रम होता वानखडेंचा. प्रशांत वानखडे, समुद्रपूर तालुक्यातल्या एका आरोग्य केंद्रात समुपदेशक. पस्तिशीचा सरळ माणूस, खिशाला तीन रंगांची पेनं, अक्षर छापल्यासारखं. लेखी परीक्षेत पहिला. बारा मिनिटांत त्यांनी काकूंना अकरा सल्ले दिले. वेळ संपल्यावर काकूंनी पदर टेबलावर पसरला आणि एकेक गाठ सोडत वाचून दाखवली. "हे फिराले जायाची. हे भजनाची. हे बदामाची. भाऊ, सुमनच्या घरी बदाम कोठून आनाचे?" सगळी तुकडी हसली. वानखडेंचे कान लाल झाले.

"मग काकू, करायचं काय? नुसतं गप्प बसायचं?" त्यांनी जरा चिडूनच विचारलं.

"मी काय सांगू भाऊ? मी सांगतलं तं तुमी माह्या पदराले गाठ मारसान."

काकूंचं आणि माझं एका गोष्टीवरून कायम वाजायचं, ती म्हणजे पाणी. आमची प्रशिक्षणं बहुतेक एप्रिल-मेमध्ये, म्हणजे वर्ध्याचा उन्हाळा. दार लोटून आत आलेल्या बाईला आधी पाणी विचारलं नाही, तर पुढे कितीही छान ऐकलं तरी काकूंच्या लेखी तो माणूस नापास. "बाहेर कावळा झाडाखाली बसला हाय, अन् हा मले इचारते, तुमाले कसं वाटते?" मी त्यांना सांगायची, काकू, हा फॉर्म मोठमोठ्या माणसांनी तपासून पक्का केलेला आहे, त्यात मला पाणी घुसवता येत नाही. त्या शांतपणे म्हणायच्या, "मंग तं हिवाळ्यातच बनोला असन." मी रागानं फॉर्म बंद करायची. आणि घरी येऊन आलेल्या माणसाला आधी पाणी द्यायची.

आता पुढचं सांगते, ते जरा कमी हसण्यासारखं आहे.

प्रशिक्षण झाल्यावर तीन महिन्यांनी ते टिकलंय का, हे बघायची आमची दुसरी फेरी असते. या वेळची तुकडी जानेवारीतली, म्हणून फेरी ऐन उन्हाळ्यात आली; आणि असं ठरलं, की काकू वेश पालटून, न सांगता प्रत्येकाच्या केंद्रावर पेशंट म्हणून जातील. कोणाला फसवायचं नव्हतं, म्हणून सगळ्यांना आधी कळवलं, त्यांची संमती घेतली, की येत्या काही आठवड्यांत केव्हातरी आमची एक खोटी पेशंट तुमच्याकडे येईल. मी स्वतः ते पत्र लिहिलं. भाषा फार चांगली जमली होती.

त्याचा परिणाम काय व्हावा? जिल्हाभर प्रत्येक बाई संशयित झाली. कोणीतरी व्हॉट्सअॅपवर टाकलं, काकू बहुधा हिरव्या पातळात येतील, हातात कापडी पिशवी असेल. झालं, कापडी पिशवीवाल्या प्रत्येक बाईला खुर्ची मिळू लागली, पंख्याखाली जागा, थंड पाणी. एका केंद्रावरच्या औषधं देणाऱ्या भाऊंनी मला फोन करून तक्रार केली, की समुपदेशन आता दर बाईमागे पाऊण तास चालतं, ओळ फाटकाबाहेर जाते. मी कपाळाला हात लावला. म्हणजे मी जे मोजणार होते ते मोजण्याआधीच बिघडलं. तणतणत काकूंच्या दुकानात गेले. त्यांच्याकडे लग्नसराईचे ढीग पडले होते, अजून त्या एकाही केंद्रावर गेल्या नव्हत्या.

सगळं ऐकून त्या पोट धरून हसल्या. "मंग बिघडलं काय पोरी? बायायले खुर्ची भेटली, पानी भेटलं. तुही परीक्षा गेली खड्ड्यात."

त्यानंतर चार-सहा दिवसांनी, संध्याकाळच्या वेळी, मी त्यांच्याकडेच ब्लाउज घालून पाहत होते. बाही घट्ट होत होती, काकू टाचण्या काढत होत्या. वानखडेंचा फोन आला. आवाजात नुसता आनंद. "मॅडम, ओळखलं मी आज तुमच्या पेशंटला! काय केस रचली हो. सासू मेली म्हणून दुःख करणारी सून! हे काकूंशिवाय कोणाला सुचणार? पण मी एक सल्ला दिला नाही. पाऊण तास ऐकलं. जगणं नकोसं वाटतं का तेही विचारलं. मेकअप मात्र छान होता, चेहरा ओळखूच येत नव्हता. शेवटी मलाच हसू आवरलं नाही. म्हटलं, झालं ना ताई? किती गाठी पडल्या?"

"वानखडे," मी म्हटलं, "काकू माझ्यासमोर उभ्या आहेत. दिवसभर दुकानातच होत्या."

मग त्यांनी हळू विचारलं, "मग ती कोण होती?"

ती बाई काही बोलली नव्हती. त्यांच्याकडे बघितलं होतं, पिशवी उचलली होती आणि निघून गेली होती. नाव त्यांनी लिहिलंच नव्हतं, खोट्या पेशंटचं नाव कशाला लिहायचं म्हणून. आणि जगणं नकोसं वाटतं का, या प्रश्नाला ती "हाव, वाटते" म्हणाली होती.

काकूंना मी सांगितलं तेव्हा त्यांच्या हातातल्या टाचण्या हातातच राहिल्या. "सकाऊनच्या गाडीनं जाऊ," एवढंच म्हणाल्या. लग्नाचे ढीग तसेच ठेवून, दुकान बंद ठेवून सकाळी त्या माझ्याआधी बसस्टँडवर हजर होत्या. जाम गावावरून समुद्रपूर गाठेपर्यंत आम्ही दोघी एक शब्द बोललो नाही. काकू गप्प असणं ही मला पूर्णपणे नवी गोष्ट होती.

केंद्रावर वानखडे फाटकातच उभे होते. रात्रभर झोपलेले दिसत नव्हते. आदल्या दिवसाच्या चिठ्ठ्यांमध्ये पन्नासेक बायकांची नावं. त्यातली ती कोणती? मी विचारलं, दिसायला कशी होती? त्यांना सांगता येईना. ते सगळा वेळ तिच्यात काकूंनाच शोधत होते. मला राग आला, आणि मी तो बोलूनही दाखवला. काकूंनी मला हातानं गप्प केलं आणि वानखडेंना म्हणाल्या, "भाऊ, दिसत कसी होती ते जाऊ दे. बोलली काय, ते सांग."

आणि वानखडे सांगू लागले. एक वाक्य सुटलं नव्हतं त्यांच्याकडून. ती चारच्या गाडीनं परत जाते. नाल्याच्या पुलावर उतरून पायी जावं लागतं. घरासमोर बंद पडलेल्या कापसाच्या जिनिंगची भिंत आहे, सासू त्या भिंतीच्या सावलीत बसून निंदणाला जाणाऱ्या बायांना हाका मारायची. लग्न होऊन आली तेव्हा ही अठरा वर्षांची, आई नसलेली. सासूनंच डोकं विंचरलं, सासूनंच बाळंतपणं केली. आठ महिन्यांपूर्वी ती गेली. ही रडायला लागली की गल्लीतल्या बाया हसतात, म्हणतात, आता तुझंच राज्य, सासूसाठी कोणी रडते का? चपाती करायला बसली की अजून एक जास्त होते. सांगता सांगता वानखडे थांबले. "मी मार्कांसाठी ऐकत होतो," ते म्हणाले.

"आयकलं तं खरं," काकू म्हणाल्या.

पूल आणि जिनिंगची भिंत म्हटल्यावर चिठ्ठ्या देणाऱ्या बाईंनी गाव लगेच सांगितलं, आणि गावातल्या आशाताईंनी घर. तिला मी इथे रेखाबाई म्हणते, खरं नाव वेगळं आहे.

ती अंगणात कुरोड्या वाळत घालत होती. एकटीच. वानखडेंना पाहून उठली, चेहऱ्यावर काही नाही. आत गेली आणि पाणी घेऊन आली. मी बोलायला तोंड उघडलं, तर काकूंनी माझं मनगट धरून मला लिंबाखाली ओढलं आणि वानखडेंना पुढे केलं.

"ताई, काल माझं चुकलं," वानखडे म्हणाले. ते खाली जमिनीवर बसले होते. "आमची परीक्षा घ्यायला एक बाई येणार होत्या. मला वाटलं, त्या तुम्हीच. म्हणून हसलो."

तिनं दोन कुरोड्या उलटवल्या. "म्हनजे तुमी आयकलं, ते परीक्षेपायी?"

"हो."

"अन् आता?"

"आता परीक्षा नाही."

"तुमी हासले," ती म्हणाली, "तवा मले वाटलं, शिकेलसवरेल मानूस बी हासला. म्हनजे माह्यंच काई खरं नसन. घरी येऊन म्या ठरवलं, आता तोंड उघडाचंच नाई."

ती पुन्हा बोलेपर्यंत किती वेळ गेला सांगता येत नाही. लिंबाखाली माझी चुळबुळ चालली होती. अशा वेळी काय म्हणायचं असतं याची सात वाक्यं मला पाठ होती आणि वानखडे त्यातलं एकही म्हणत नव्हते. मी त्यांना खूण करायला हात उचलला, तो काकूंनी खाली दाबला. मग रेखाबाई बोलू लागली. हळू, आधी सासूच्या गुडघ्यांबद्दल काहीतरी, मग थोडी हसली, मग रडली. तिला कोणी किती असं विचारलं नव्हतं. वानखडेंनी जगणं नकोसं वाटण्याचं पुन्हा सरळ विचारलं, तिनं सरळ सांगितलं. मग तिच्या संमतीनं नवऱ्याला वावरातून बोलावून घेतलं, जाऊही आली, कोणी कधी तिच्याजवळ राहायचं ते ठरलं, आणि गुरुवारी मोठ्या डॉक्टरांकडे वानखडेंनी स्वतः सोबत जायचं ठरलं. निघताना तिनं काकूंकडे बघून विचारलं, "अन् ह्या कोन?"

"मी शिंपीन," काकू म्हणाल्या. "पिपरीले राह्यतो. कापड घेऊन येजो कधी."

परतीच्या गाडीत खिडकीशी बसून काकूंनी जाहीर केलं, "आता मी पेशंट नाई व्हत."

मी विनवण्या केल्या. अजून सगळेच तपासायचे राहिले होते. चूक तुमची नव्हती, म्हटलं. पत्र माझं, हसले वानखडे, तुम्ही तर दुकानात होता. "माह्या खोट्यापायी खरी बाई खोटी ठरली," त्या म्हणाल्या. "वाचली म्हनून बरं. पुन्हा नाई."

"मग मी तपासू कसं?" मला खरंच रडू येत होतं, थोडं बाईसाठी आणि थोडं, लाज वाटते सांगायला, तक्त्यासाठी.

"जे बाई खरी आली तिलेच इचार नं. परत येशीन का, म्हन. येतो म्हनली तं पास."

असं एका प्रश्नावर मूल्यमापन होत नसतं, हे मी त्यांना हिंगणघाटपासून वर्ध्यापर्यंत समजावलं. त्या झोपून गेल्या. मग मी रुसले. पंधरा दिवस त्यांच्या दुकानासमोरून गेले नाही, आणि ब्लाउज वर्ध्याला दुसऱ्याकडे शिवायला टाकला. तो गळ्यात इतका उतरला की घालता आला नाही. काकूंनीच नंतर तो उसवून नीट केला आणि काही बोलल्या नाहीत. काही न बोलण्यासाठी त्यांना किती कष्ट पडले असतील त्या दिवशी!

अहवालात मी सगळं लिहिलं, माझ्या पत्रासकट. डॉक्टर मॅडमनी दोनदा वाचला आणि एक शब्दही काढू दिला नाही. आता आमच्याकडे खोटा पेशंट फक्त प्रशिक्षणाच्या वर्गात असतो, सगळ्यांच्या डोळ्यांसमोर. केंद्रावर कोणी जात नाही. तिथे आम्ही खऱ्या पेशंटना, त्यांची तयारी असेल तर, काकूंचा प्रश्न विचारतो. तो फॉर्मच्या शेवटी सोळावा म्हणून छापलेला आहे. पाणी अजून घुसवता आलेलं नाही.

रेखाबाई गुरुवारी गेली, आणि त्यानंतरच्याही. काही महिन्यांनी कापड घेऊन पिपरीलाही आली. मग येतच राहिली. काकू तिचं माप घ्यायला, म्हणे, तासभर लावायच्या.

गेल्या दिवाळीनंतर काकू गेल्या. मेंदूत रक्तस्राव झाला, सावंगीच्या दवाखान्यात दोन दिवस होत्या, शुद्धीवर आल्या नाहीत. मी तिसऱ्या दिवशी त्यांच्याकडे गेले तेव्हा पुढच्या खोलीत मशीन भिंतीला सरकवून सतरंज्या घातल्या होत्या. कंडक्टरकाका कोपऱ्यात बसले होते आणि येणारा प्रत्येक जण त्यांना काहीतरी सांगत होता. आता नागपूरला पोराकडे जाऊन राहा. स्वतःला सांभाळा. अंथरुणाला खिळल्या नाहीत, सुटल्या म्हणा. मीही त्यांच्याजवळ बसले आणि माझ्या तोंडून निघालं, "काका, थोडं खाऊन घ्या. दुपारी जरा पडत जा. मन कशात तरी लावा." काका सगळ्यांना मान हलवत होते, तशी मलाही हलवली.

दुपारी वानखडे आले, त्यांच्यामागे रेखाबाई. ती कोणाकडे न बघता थेट काकांजवळ जाऊन खाली बसली. आपलं नाव सांगितलं, गाव सांगितलं. मग बराच वेळ नुसतीच बसली. बाकीचे लोक बोलायचे थांबले, ही कोण बाई म्हणून बघू लागले.

"काका," ती म्हणाली, "त्या दिवशी सकाऊन काय झालं होतं? सांगा मले."

काकांनी मान वर केली. तीन दिवसांत त्यांना हे कोणी विचारलं नव्हतं.

"चाहा मांडला होता तिनं," ते म्हणाले, आणि थांबले. रेखाबाई काही बोलली नाही. "मले म्हने, आज साखर तुमीच टाका, मले डब्बा दिसून नाई राह्यला..." आणि मग ते सांगू लागले, तो डबा, तो चहा, ती सकाळ, मग तिच्या आधीच्या कितीतरी सकाळी, आणि सांगता सांगता लहान पोरासारखे रडू लागले. शेजारचे एक जण "अहो काका, आता तेच ते आठवून..." म्हणत पुढे झाले, त्यांचा हात वानखडेंनी हळूच धरला. त्या तीन दिवसांत मला काकूंची इतकी आठवण आली नव्हती. मी सतरंजीवर थोडी मागे सरकले, भिंतीला टेकले आणि ऐकत बसले.